दोन पत्त्यांची कुटुंबं : धारूर ते माजलगाव, आरोग्य-विद्यार्थ्यांचा अभ्यासदौरा

दौरा जानेवारीत, संक्रांत उरकल्यावर ठेवला, त्याला कारण आहे. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०२१-२२च्या तुकडीपासून कुटुंब दत्तक कार्यक्रम आला. प्रत्येक विद्यार्थ्याने गावातली तीन ते पाच कुटुंबं घ्यायची आणि पुढची वर्षं त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करायचा. बीड जिल्ह्यात हे काम जूनमध्ये सुरू केलं तर सगळं सुरळीत दिसतं : घरं उघडी, माणसं हजर, फॉर्म भरलेले. जानेवारीत त्याच दारांना कुलूप असतं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उसाला गेलेल्या असतात, त्या मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. विद्यार्थी फॉर्मवर 'घर बंद' असं लिहितो आणि शेजारच्या दाराकडे वळतो. अशा रीतीने ज्यांना आरोग्यसेवेची सगळ्यात जास्त गरज, तीच कुटुंबं नोंदीतून गळतात. आरोग्यातली विषमता शिकवायची तर सुरुवात या गळतीपासून करावी, असं आमचं ठाम मत आहे.

चोवीस विद्यार्थी, चार-चारांचे सहा गट. प्रत्येक गटात किमान दोन मुली आणि किमान एक जण नर्सिंगचा. दारात आलेल्या बाईशी बोलायला नर्सिंगच्या मुलींना आधी जमतं, डॉक्टर होणारे त्यांच्याकडूनच शिकतात. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना त्याची प्रत, ग्रामपंचायतीची लेखी संमती आणि महाविद्यालयाच्या एथिक्स कमिटीची मान्यता एवढे कागद महिनाभर आधी हातात हवेत. सामानात दर गटाला दंडघेर मोजायची पट्टी, वजनकाटा, उंचीपट्टी, डिजिटल हिमोग्लोबिन मीटर, पाण्यातल्या क्लोरीनसाठी ओटी किट आणि पाच रंगांची रांगोळी. औषधं, बिस्किटं आणि बॅनर नेऊ नयेत. औषधाची पेटी उघडली की शिबिर होतं, रांग लागते आणि बोलणं संपतं.

पहिला दिवस : छत्रपती संभाजीनगर ते धारूर

सकाळी सातला निघून राष्ट्रीय महामार्ग ५२ने पाचोड, शहागडला गोदावरी, गेवराई, बीड. तिथून वडवणी, तेलगाव आणि धारूरचा घाट. गोदाकाठी हिरवा ऊस दिसतो, आणि बालाघाटाच्या डोंगरात शिरलं की मुरमाड, उथळ, कोरडवाहू जमीन. या दोन जमिनींमधला फरक विद्यार्थ्यांनी खिडकीतून नीट पाहून ठेवावा. स्थलांतराचं पहिलं कारण तिथेच आहे.

बसमध्ये एकच काम दिलं. घाटावरच्या वस्तीवरच्या बाईला रात्री दोनला कळा सुरू झाल्या. ती दवाखान्यात पोचेपर्यंतची प्रत्येक पायरी वेळेसकट लिहा. फोन कुणाकडे आहे, १०८ला कोण सांगणार, गाडी वस्तीपर्यंत येते की फाट्यापर्यंत, घरातली दोन लेकरं कुणाजवळ ठेवायची, सोबत कोण जाणार, पैसे कुठून. मातामृत्यूच्या अभ्यासात तीन विलंब मानतात : निर्णयाचा, वाटेचा आणि दवाखान्यात पोचल्यावर उपचार मिळायचा. बहुतेक विद्यार्थी वाटेचाच वेळ लिहितात. घाट चढताना तो चुकीचा ठरतो, आणि गावात गेल्यावर कळतं की निर्णयाचा विलंब त्याहून मोठा असतो, कारण निर्णय घेणारा माणूस सांगलीला उसात असतो.

दुसरा दिवस : गावफेरी आणि कुलपं

सकाळी साडेसातला सुरुवात. उशीर झाला तर उरलीसुरली माणसंही रानात जातात. पहिला अडथळा सरपंचांच्या पाहुणचाराचा. ते आपुलकीने सगळ्यांना मुख्य गल्लीतून फिरवतात आणि फेरी वेशीपासून मारुतीच्या पारापर्यंतच होते. म्हणून गट आधीच वाटून दिलेले : दोन गट गावठाणात, दोन गावाबाहेरच्या वस्त्यांवर, एक तांड्यावर, एक दलित वस्तीत. प्रत्येक वस्तीपासून तीन अंतरं पावलांनी मोजायची : पिण्याच्या पाण्यापर्यंत, अंगणवाडीपर्यंत, उपकेंद्रापर्यंत. पावलांचे मीटर करण्यासाठी आधी पन्नास मीटरची दोरी टाकून प्रत्येकाने आपलं पाऊल मोजून घेतलेलं असावं.

अकरा वाजता रांगोळीचा नकाशा. शाळेच्या अंगणात गावकऱ्यांनीच काढायचा, विद्यार्थ्यांनी रांगोळीला हात लावायचा नाही. पुरुषांचा आणि बायकांचा नकाशा वेगळा घ्यावा, ही पायरी टाळू नये. पुरुष रस्ते, देवळं, विहिरी दाखवतात. बायका हातपंप दाखवतात आणि तो किती दिवस चालतो ते सांगतात, शौचाला जायची जागा दाखवतात, संध्याकाळनंतर कुठून जायला भीती वाटते तेही दाखवतात. मग कुलूप असलेल्या घरांवर लाल रांगोळी. लाल ठिपके गावभर सारखे पसरत नाहीत. ते वस्त्यांवर आणि तांड्यावर दाट होतात, पाराजवळ विरळ. नकाशा पुसण्याआधी कागदावर उतरवून घ्यायचा. त्याचा फोटो घ्यायलाही गावाची परवानगी विचारायची.

दुपारी प्रत्येक गटाने दोन कुलपांचा माग काढला. शेजारी कुठे गेले ते विचारायचं, फोन नंबर संमतीने घ्यायचा आणि रात्री आठनंतर फोन लावायचा. त्याआधी फोन उचलला जात नाही, कारण गाडी भरणं चालू असतं. फोनवर चारच प्रश्न : कोण-कोण सोबत आहे, कुणी गरोदर किंवा ओली बाळंतीण आहे का, पाच वर्षांखालचं लेकरू आहे का, कार्ड सोबत नेलंय का. कार्ड म्हणजे माता व बाल संरक्षण कार्ड. ते बहुतेक वेळा गावातल्या पत्र्याच्या पेटीत राहिलेलं असतं.

तिसरा दिवस : उपकेंद्र, अंगणवाडी, पाणी

उपकेंद्रातली पाटी सगळ्यांनी वहीत उतरवली. निकष सांगतो : सपाट भागात ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र, डोंगरी आणि आदिवासी भागात ३,०००; प्राथमिक आरोग्य केंद्र ३०,००० किंवा २०,००० लोकांमागे; आशा साधारण १,००० लोकांमागे एक. ही लोकसंख्या गावाची, म्हणजे जिथे माणसाचं नाव आहे तिथली. उसाच्या फडाशेजारी पाच महिने राहणाऱ्या शेदोनशे माणसांना कोणतीही आशा नेमून दिलेली नसते. शेजारच्या गावची आशा आली तर तिच्या भलेपणामुळे येते. ही गोष्ट आम्ही फळ्यावर शंभरदा सांगितली तरी पोचत नाही. आशाताईंची डायरी उघडून त्यातली 'स्थलांतरित' शेरा मारलेली नावं वाचली की लगेच पोचते.

अंगणवाडीत सहा ते ५९ महिन्यांच्या मुलांचा दंडघेर मोजला. डावा हात, कोपरात वाकवून खांदा आणि कोपर यांचा मध्य काढायचा, मग हात सैल सोडून पट्टी टेकवायची, आवळायची नाही. ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५च्या आत मध्यम. विद्यार्थ्यांची नेहमीची चूक मध्य न काढण्याची. दोघांनी वेगवेगळं मोजून अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजायचं. जी मुलं आजीजवळ राहिली ती इथे भेटतात, मोठी मुलं हंगामी वसतिगृहाच्या जेवणावर असतात. जी कडेवर गेली, त्यांचं वजन ऑक्टोबरपासून रजिस्टरमध्ये कोरं असतं.

पाण्याचं काम जलसुरक्षकासोबत, म्हणजे गावच्या पाण्यात क्लोरीन टाकणाऱ्या माणसासोबत. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असावं, २०च्या खाली गेलं की ती वापरू नये. पाच ग्रॅम पावडर हजार लिटरला घातली तर लिटरमागे सुमारे १.६ मिलिग्रॅम क्लोरीन पडतं. दहा हजार लिटरच्या टँकरला पन्नास ग्रॅम. पावडर थेट टाकीत झोकायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत पेस्ट करून, पाणी घालून चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी ओतायचं. अर्ध्या तासाने ओटी टेस्ट. रंग दहा सेकंदांत वाचायचा. उशिरा वाचला तर संयुक्त क्लोरीनही धरलं जातं आणि पाणी आहे त्यापेक्षा चांगलं वाटतं. नमुना टाकीच्या तोंडाशी न घेता वस्तीच्या शेवटच्या घरातल्या रांजणातून घ्यावा. टाकीत पिवळा रंग आला आणि रांजणात आला नाही, तर दोष पाइपात आहे की फुटक्या पोत्यात ओलसर झालेल्या पावडरीत, हे शोधायला विद्यार्थ्यांना पुरती दुपार द्यावी.

चौथा दिवस : माजलगावच्या लाभक्षेत्रात

गावातली बहुतेक कुटुंबं सांगली, कोल्हापूर किंवा कर्नाटकात आहेत, तिथवर जाणं शक्य नाही. माजलगाव धरणाच्या कालव्यावर दुसऱ्या तालुक्यांतल्या टोळ्या असतात. माणसं वेगळी, हाल तेच.

पहाटे साडेपाचला फडावर पोचलो, तेव्हा तोडणी कधीचीच सुरू होती. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तो तोडतो, ती पाचट सोलून वाढं छाटते आणि मोळी बांधते, मग दोघं मिळून गाडी भरतात. विद्यार्थ्यांना इथे पेन्सिल काढून गणित करायला लावलं. एक जोडी दिवसाला दोन टनांच्या आसपास तोडते. मोळी २५ किलोची धरली तर टनाला चाळीस, दोन टनांना ऐंशी मोळ्या. त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकच्या हौद्यात चढायचं. निम्म्या बाईच्या वाट्याला धरल्या तर चाळीस वेळा, मानेवर २५ किलो, अरुंद फळी, आणि पायात बहुधा साधी चप्पल. मग सहाव्या महिन्यातली बाई हे करते तेव्हा काय होतं, ते पाठ्यपुस्तकातल्या 'अवजड काम टाळावे' या ओळीशेजारी ठेवून पाहायचं.

मजुरीचंही गणित त्याच पानावर. जानेवारी २०२४च्या वाढीनंतर दर टनाला ३६६ रुपये झाला. दोन टनांचे ७३२, दोघांचे मिळून. पण ही रक्कम रोज हातात येत नाही, आधी घेतलेल्या उचलीतून, म्हणजे आगाऊ रकमेतून, वळती होते. एक दिवस कामाला खाडा पडला तर मजुरी जाते आणि वर दंड बसतो. पाचशे रुपये हा आकडा बीडच्या बायका वर्षानुवर्षं सांगत आल्यात. म्हणजे पांढरं जातंय म्हणून दवाखान्यात जायचं तर बुडालेली मजुरी, दंड, भाडं, औषध आणि सोबत येणाऱ्याचाही दिवस. एका गटाने हे सगळं एकाखाली एक लिहिलं, बेरीज केली आणि बराच वेळ कोणी काही बोललं नाही. सरकारी दवाखान्यातली फुकट तपासणी या बाईला फुकट पडत नाही, हे त्या बेरजेतून स्पष्ट दिसतं.

कोपी, म्हणजे फडाशेजारची झोपडी, आतून मोजायची परवानगी एका आजींनी दिली. बांबूच्या कामट्या, वर ताडपत्री, पाचटाचा आडोसा. आत उभं राहता येतं ते मधल्या रेषेतच. चूल दाराशी, धूर आत. झोळीतलं लेकरू चुलीपासून दोन हातांवर. पाणी कालव्याचं, दोन घागरी, झाकण म्हणून ताट. शौचाला उसात, अंघोळीला साडीचा आडोसा. मासिक पाळीचं कापड वाळत घालायला उन्हाची जागा नाही, कारण ती जागा येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेसमोर. म्हणून कापड कोपीच्या आत, दमट. दमट कापड, आडोशाअभावी दिवसभर लघवी अडवून धरणं, पाणी कमी पिणं, पाळीतही रजा नाही. अंगावरून जाणं, जळजळ, ओटीपोटात दुखणं या तक्रारींची अर्धीअधिक कारणं त्या एका कोपीत उभं राहून दिसली.

टोळी जमवून आणणारा मुकादम प्रत्येक प्रश्नाला टोळीच्या वतीने उत्तर देतो. त्याला दूर हो म्हणणं उद्धटपणाचं आणि बायकांना नंतर त्रासाचं. म्हणून एका शिक्षकाने त्याच्याशी टायरगाड्यांच्या हिशोबाचं बोलणं काढून पारावर बसायचं, हे आधीच ठरलेलं. त्याचंही ऐकावं, कारखाना आणि मजूर यांच्यामध्ये त्याच्याही डोक्यावर उचलीचा बोजा असतो.

हिमोग्लोबिन दुपारच्या सुट्टीत. जानेवारीच्या पहाटे बोटं गार असतात, रक्त येत नाही म्हणून बोट दाबलं जातं, पेशीबाहेरचं पाणी मिसळतं आणि आकडा खोटा कमी येतो. हात चोळून ऊब आणायची, पहिला थेंब पुसायचा, पट्टीची डबी लगेच बंद करायची. गरोदरपणात ११च्या खाली रक्तक्षय, सातच्या खाली तीव्र. लोहाच्या गोळ्या मिळालेल्या असूनही खाल्ल्या जात नाहीत, कारण बाई पहाटे कोऱ्या चहावर कामाला लागते. उपाशीपोटी गोळी मळमळते आणि चहाने लोह शोषलंही जात नाही. रात्रीच्या भाकरीनंतर घ्या, एवढा बदल सांगितला की गोळी पोटात टिकते. सात्त्विक आहाराचं भाषण तिथे देऊ नये.

पाचवा दिवस : पिशवीचं ऑपरेशन

हा दिवस फक्त मुलींनी आणि शिक्षिकांनी चालवला. मुलगे अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेले, केसपेपरपासून औषधखिडकीपर्यंतचे तास मोजायला.

आधी आकडे. २०१९मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांचं सर्वेक्षण आलं. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती, म्हणजे जवळपास १७ टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण ३.२ टक्के होतं. दोन्ही पाहण्यांची पद्धत आणि वयोगट एक नाहीत, म्हणून थेट भागाकार करायचा नाही. तरी फरक इतका मोठा आहे की कारण शोधावंच लागतं.

विचारायचं कसं? 'ऑपरेशन का केलं' हा प्रश्न आरोपासारखा लागतो. त्याऐवजी तब्येतीची हकीकत पहिल्यापासून ऐकायची : लग्न कितव्या वर्षी, पहिलं लेकरू कधी, त्रास काय होता, आधी कुठे दाखवलं, तिथे काय म्हणाले. त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत २० ते २४ वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण बीडमध्ये ४३.७ टक्के आणि परभणीत ४८ होतं, राज्यात २१.९. पंधराव्या-सोळाव्या वर्षी लग्न, विशीत दोन-तीन बाळंतपणं, नसबंदी, मग अंगावरून जाणं. आणि 'पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल' हे वाक्य. पाळी गेली की खाडा नाही, हेही हिशोबात असतं. कागद दाखवले तर डिस्चार्ज कार्डावर तीन गोष्टी शोधायच्या : निदान काय लिहिलंय, बीजकोष ठेवलेत की काढलेत, आणि काढलेली पिशवी तपासणीला पाठवल्याचा रिपोर्ट आहे का. बीजकोष तिशीतच गेले असतील तर हाडं झिजणं, अंगातून वाफा, झोप उडणं, हृदयविकाराचा वाढलेला धोका; त्यासाठी आज काय करता येईल ते सांगायचं. झालेल्या ऑपरेशनबद्दल तोंडून हळहळ काढायची नाही.

आणि योनिमार्गाच्या संसर्गाला लक्षणांवरून उपचार सरकारी दवाखान्यात असतो : हिरवं किट, सेकनिडाझोल दोन ग्रॅम आणि फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅम, एका वेळचं. ओटीपोटात दुखत असेल आणि तपासणीत सूज आढळली तर पिवळं किट, चौदा दिवसांचं. हे किट कोपीपासून किती पावलांवर आणि कोणत्या वेळेत उघडं असतं, ते मुलींनी शोधून लिहिलं. बाह्यरुग्ण विभाग सकाळी. फड सकाळी. दोन्ही वेळा एकमेकांवर येतात, आणि संध्याकाळी सहानंतर उघडा असतो तो खासगी दवाखाना.

संध्याकाळी मुलगे परतल्यावर दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. चर्चेत एकच नियम पाळला : 'अज्ञान', 'अंधश्रद्धा', 'जनजागृती' हे तीन शब्द वापरायचे नाहीत. ते बंद केले की विद्यार्थ्यांना पायरी दाखवावीच लागते : वेळ, भाडं, दंड, डॉक्टर बाई नसणं, कार्ड पेटीत असणं.

सहावा दिवस : परत गावात

सकाळी उपकेंद्रात आशाताई, सिस्टर आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांसमोर यादी ठेवली. नावं आणि आजार फक्त त्यांना. ग्रामपंचायतीत सांगताना पाण्याचे निकाल, अंतरं आणि कुलपांचा नकाशा एवढंच. शेवटच्या घरातल्या रांजणात क्लोरीन शून्य आल्याचं जलसुरक्षकाला आदल्या दिवशीच सांगितलेलं होतं. चारचौघांत पहिल्यांदा सांगितलं तर तो पुढच्या वेळी सोबत येत नाही.

गुणपत्रिकेत वर्णनाला कमी आणि पाठपुराव्याला जास्त गुण. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या कुलूपबंद कुटुंबाला दर पंधरा दिवसांनी रात्री आठनंतर फोन करायचा, गरोदर बाई असेल तर जिथे टोळी आहे तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा पत्ता शोधून द्यायचा, आणि कार्डाचा फोटो आजीकडून मागवून त्या बाईच्या फोनवर पाठवायचा.

दुसरी फेरी गुढीपाडव्यानंतर, लग्नसराई जोरात यायच्या आत. त्या वेळी करायच्या कामांची यादी निघतानाच लिहून ठेवली : राहिलेले गोवर-रुबेलाचे डोस, बायकांची तपासणी उपकेंद्रातच डॉक्टर बाईंकडून, रक्तदाब, हिमोग्लोबिन. पावसाळ्यात मुकादम नवी उचल वाटायला येतात, त्याआधी उपचार पूर्ण व्हायला हवेत. आणि ऑक्टोबरमध्ये टोळी निघायच्या आठवड्यात प्रत्येक कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाईच्या ट्रंकेत ठेवायचं, मागच्या पानावर आशाताईंचा नंबर ठळक लिहून.